स्वतःच्याच पार्किंगमध्ये गाडी लावली तरी ५०० रुपये दंड! सोसायटीला आणि एजन्सीला असा हक्क असतो का?

बायपासवाला:
नमस्कार मंडळी. संभाजीनगरला बीड बायपासच्या बाजूला सातारा परिसरात आमची सोसायटी आहे, चार इमारती, निम्म्या फ्लॅटमध्ये भाडेकरू. दिवाळीनंतर कमिटीनं पार्किंग सांभाळायचं काम एका खासगी एजन्सीला देऊन टाकलं. त्यांची पोरं दिवसरात्र खाली फिरायलेत, मोबाइलवर गाडीचा फोटो काढायचा आन् काचेवर पावती चिकटवून पुढं जायचं, एवढंच काम.

माझी जागा स्टिल्टमध्ये (इमारतीखाली खांबांच्या मधल्या जागेत) आहे, खांबावर पिवळ्या रंगात फ्लॅट नंबर लिहिलेला आहे, सोसायटीचं वाटपपत्र माझ्याकडं आहे. जुनी गाडी विकून नवी घेतली, तिच्यासाठी नवीन स्टिकर मागायला ऑफिसात अर्ज दिला तर म्हणाले छापायला टाकलेत, आले की देतो. तेवढ्यात एका सकाळी ड्रायव्हरच्या समोरच्या काचेवर पावती. आन् साधी चिकटपट्टी नाही, असला डिंक की कागद ओढला की तुकडे निघायले, शेवटी गरम पाणी टाकून ब्लेडनं खरवडलं तर काचेवर ओरखडे आले ते अजून तसेच आहेत, रात्री समोरून लाइट आला की दिसतात. पावतीवर लिहिलंय ‘अनधिकृत पार्किंग, दंड ₹५००, सात दिवसांत न भरल्यास ₹१०००, त्यानंतर जॅमर’. खाली एजन्सीचं नाव आन् पैसे भरायला क्यूआर कोड. सोसायटीचा शिक्का नाही, कुणाची सही नाही.

मी भरले नाहीत. आता या महिन्याच्या मेंटेनन्स बिलात ‘इतर आकार’ म्हणून हजार रुपये धरलेत. वडील म्हणायलेत भरून टाक, रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत, हजारासाठी वाकडं कशाला घ्यायचं. पण माझ्याच जागेत, माझीच गाडी, आन् दंड भरायचा म्हणजे मी कबूल केलं की मी अनधिकृत आहे. हे मला पटत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, यांना असा दंड लावता येतो का, आणि मी नेमकं काय करू?

उल्कानगरीकर:
अजिबात भरू नका भाऊ. आन् मेंटेनन्सपण बंद करा, त्याशिवाय कमिटीचे डोळे उघडत नाहीत. आमच्याकडं मागं लिफ्टच्या वादात तसंच केलं होतं सगळ्यांनी मिळून.

सहकार_निवृत्त:
उल्कानगरीकर साहेब, दंड भरू नका इथपर्यंत ठीक, पण मेंटेनन्स बंद करा हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. मी सहकार खात्यात बरीच वर्षं काढली, चांगल्या बाजूचे लोक याच एका गोष्टीत हरलेले पाहिलेत. मेंटेनन्स थांबवला की तुम्ही थकबाकीदार. मग दंड बरोबर का चूक हा मुद्दा बाजूला पडतो आणि तुमचं नाव नोटीस बोर्डावर लागतं. सोसायटी उपनिबंधकाकडे सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्याचा अर्ज करू शकते, थकबाकीवर उपविधीप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांप्रमाणे) २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं, आणि दाखला निघाल्यावर त्याच्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागायला, जायचं म्हटलं तर आधी रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणून मेंटेनन्स वेळेवर, पूर्ण, बँकेतून भरायचा, आणि फक्त दंडाची रक्कम वेगळी काढून तिला लेखी हरकत घ्यायची.

आता मूळ प्रश्न. सोसायटीला दंड लावताच येत नाही असं नाही. आदर्श उपविधींमध्ये १६५ नंबरला उपविधीभंगाच्या दंडाची तरतूद आहे (तुमच्या सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी बघा, नंबर मागंपुढं असू शकतो). पण ती वाचली की लक्षात येईल की रस्ता ठरलेला आहे. कोणत्या भंगाला किती दंड हे सर्वसाधारण सभा ठरवणार, कमिटी नाही. आधी सचिवानं सदस्याच्या लक्षात आणून द्यायचं की तुमच्याकडून अमुक भंग होतोय. तरी चालूच राहिलं तर कारणे दाखवा नोटीस. मग सदस्याला आपलं म्हणणं मांडायची संधी. आणि त्याचं ऐकून घेऊन सर्वसाधारण सभेनं ठरवायचं, तेसुद्धा एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ५००० रुपयांच्या आत. यातलं तुमच्या बाबतीत काय झालं? रात्री काचेवर कागद चिकटला, एवढंच.

दुसरी गोष्ट मला त्या क्यूआर कोडची खटकली. सोसायटीचा दंड हे सोसायटीचं उत्पन्न आहे, ते सोसायटीच्या बँक खात्यात यायला हवं, त्याची पावती सोसायटीची हवी, लेखापरीक्षणात ते दिसायला हवं. तो कोड कुणाच्या खात्याचा आहे ते तपासा. आणि करारात एजन्सीला दंडात वाटा आहे का तेही विचारा. वाटा असेल तर जितक्या पावत्या तितकी कमाई, मग ती पोरं स्टिकर नसलेली गाडी शोधत फिरणारच, तुमची जागा आहे का नाही हे बघायचं त्यांना कारणच उरत नाही.

बायपासवाला:
सहकार काका, मनापासून आभार. मेंटेनन्स आजच भरतो. एक शंका, ऑनलाइन भरलं तर ते आधी दंडात जमा करून मेंटेनन्स बाकी दाखवतील का? शेजारच्या काकूंच्या बिलात तसंच केलंय.

सहकार_निवृत्त:
करतात काही ठिकाणी. म्हणून पैसे भरताना शेऱ्यात लिहा ‘फक्त अमुक महिन्याची देखभाल’, आणि त्याच दिवशी ऑफिसच्या ईमेलवर तेच कळवा. पैसे कोणत्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्यानं सांगितलं तर घेणाऱ्यानं त्याच खाती जमा करायला पाहिजेत, १८७२ च्या करार कायद्यात, कलम ५९ मध्ये, हे आहे.

सचिवताई_गारखेडा:
मी एका सोसायटीची सचिव आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहिते, कुणी राग धरू नये. पार्किंगचा त्रास कमिटीनं मुद्दाम उभा केलेला नसतो. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात तर टँकरवरच सगळी बिल्डिंग. टँकर आत घ्यायचा तर गेटपासून खालच्या हौदापर्यंत वाट मोकळी लागते, आणि नेमकं त्या वळणावर कुणाचे पाहुणे गाडी लावून वर जेवायला बसतात. टँकरवाला हॉर्न वाजवून वाजवून निघून जातो, त्याला पुढं चार ठिकाणी खेपा असतात, मग संध्याकाळी ४० घरांचे फोन मला. एकदा तर ॲम्ब्युलन्स गेटच्या बाहेर थांबवून आजोबांना खुर्चीत बसवून बाहेर न्यावं लागलं. विनंती करून झाली, ग्रुपवर मेसेज टाकून झाले, कुणी ऐकत नाही. अशा वेळी लोकच सभेत उठून म्हणतात की दंड लावा.

पण सहकार सर म्हणतात ते खरं आहे, दंड लावायचा तर नीट लावावा लागतो. आम्ही विशेष सर्वसाधारण सभा घेतली, पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन, त्यात ठराव केला की टँकरच्या वाटेवर, रॅम्पवर आणि लिफ्टच्या तोंडाशी गाडी लावली तर दंड, आणि आपल्या नेमलेल्या जागेत गाडी असेल तर स्टिकर असो नसो, दंड नाही. पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदा लेखी, मग नोटीस. दंडाचा वापर फारसा करावाच लागला नाही. बायपासवाले दादा, तुमच्या सोसायटीत स्टिकर नाही हाच गुन्हा धरलाय आणि गाडी कुठं उभी आहे हे कुणी बघितलंच नाही. तिथंच चुकलंय, असं मला वाटतं.

वजिराबादचा:
मी नांदेडला भाड्यानं राहतो. मालक पुण्याला. आमच्या इथं पार्किंग मालकांनाच, भाडेकरूंनी बाहेर लावा म्हणतात, आत लावली की ३०० रुपये. मालकाच्या करारात पार्किंग माझ्याकडं आहे असं लिहिलेलं आहे. मी तर सदस्यच नाही, मग मी कुणाकडं जाऊ?

वकील_परभणी:
वजिराबादचे दादा, तुम्ही सदस्य नाही म्हणूनच सोसायटीचा उपविधी तुम्हाला थेट दंड करू शकत नाही, सोसायटीचा संबंध मालकाशी. जागा मालकाच्या नावे वाटप झालेली असेल आणि लिव्ह अँड लायसन्स करारात ती तुम्हाला वापरायला दिलेली असेल तर मालकाकडून सोसायटीला एक पत्र जाऊ द्या, करारातल्या त्या कलमाची प्रत जोडून. मालकानं फ्लॅट भाड्यानं दिलाय म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) घेतेच, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं हा शासनाचा २००१ चा आदेश आहे. ते घेऊन वर भाडेकरू म्हणून पार्किंगचा वेगळा दंड हे टिकणारं नाही.

बायपासवाल्यांसाठी. सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की त्या कागदाला चलान म्हणू नका. चलान वाहतूक पोलिसांचं. मोटार वाहन कायद्याखाली दंड करायचा अधिकार पोलिसांना आणि आरटीओच्या अधिकाऱ्यांना आहे, खासगी एजन्सीच्या पोराला नाही. लोक त्या पावतीवरचा पिवळा-काळा रंग आणि गाडीचा फोटो बघून घाबरतात आणि लगेच स्कॅन करून पैसे भरतात. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा, तिथं ते दिसणार नाही. तुमच्या लायसन्सवर, इन्शुरन्सवर, गाडी विकताना आरटीओत, कुठंच त्याचा परिणाम नाही. ती दोन खासगी पक्षांमधली पैशाची मागणी आहे, आणि एजन्सीशी तर तुमचा काही करारच झालेला नाही.

जॅमर लावला तर मात्र वाट बघू नका. तोडाफोड करू नका, व्हिडिओ काढा, सचिवाला मेसेज टाका की गाडी आत्ता सोडा, आणि नाहीच सोडली तर ११२. घरात म्हातारं माणूस, लेकरं असतात, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडीला कुलूप असलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या मेसेजमध्येच लिहून ठेवा.

पत्राचा मसुदा देतो, आपापल्या तारखा घालून वापरा:

“प्रति, मा. सचिव, व्यवस्थापक समिती. विषय: बिलात लावलेल्या पार्किंग दंडास लेखी हरकत. महोदय, माझ्या सदनिकेस सोसायटीने स्टिल्टमधील जागा क्र. … वाटप केलेली असून वाटपपत्राची प्रत सोबत जोडली आहे. दि. … रोजी माझे वाहन याच जागेत उभे असताना त्यावर दंडाची पावती चिकटवण्यात आली व … महिन्याच्या बिलात रु. … ‘इतर आकार’ म्हणून धरण्यात आले. सदर रक्कम मला मान्य नाही. दंडाचा दर मंजूर करणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाची व इतिवृत्ताची प्रत, मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस, सुनावणीची नोंद, तसेच पार्किंग एजन्सीबरोबर झालेल्या कराराची प्रत मिळावी. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. चालू देखभालीची रक्कम मी दि. … रोजी पूर्ण भरली असून ती वादग्रस्त दंडात वळती करू नये. दंड व त्यावरील व्याज रद्द करून दुरुस्त बिल द्यावे, ही विनंती.”

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडत बसू नका, तिथं चार माणसं तुमच्या बाजूनं अंगठा दाखवतात आणि कागदावर काहीच राहत नाही.

लातूरची_लेक:
आमचं औसा रोडला अपार्टमेंट आहे, सोसायटी नाही, असोसिएशन आहे. १६५ नंबर आम्हाला लागू होतो का? आमच्याकडं तर बिल्डरनंच प्रत्येकाकडून स्टिल्टचे वेगळे पैसे घेतले होते, पावती साध्या कागदावर. आता असोसिएशनवाले म्हणतात ती पावती आम्ही मानत नाही, जागा नव्यानं वाटणार, आन् जुन्या जागेवर लावली की दंड.

वकील_परभणी:
ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. अपार्टमेंट असेल तर १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागतो आणि सगळं तुमच्या घोषणापत्रावर आणि त्याला जोडलेल्या उपविधींवर अवलंबून. निबंधक कार्यालयात नोंदलेलं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे तेच घोषणापत्र, काढून घ्या, सूची दोन (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा) सुद्धा काढा. त्यात पार्किंग सामाईक क्षेत्र म्हणून दाखवलंय का कुठल्या फ्लॅटला जोडून राखीव दिलंय हे बघा. राखीव असेल तर असोसिएशनला ठराव करून ते काढून घेता येत नाही.

बिल्डरच्या पावतीचं मात्र कठीण आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं की मोफा कायद्याखाली (फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांसाठीचा महाराष्ट्राचा जुना कायदा) स्टिल्ट आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, ती सामाईक. रेरा हा नवा बांधकाम कायदा आल्यावर तीन बाजूंनी भिंत आणि वर छत असलेलं गॅरेज विकता येतं, उघडं पार्किंग नाही. म्हणजे पैसे देऊनही मालकी मिळालेली नसते, मिळालेला असतो तो फार तर वापराचा हक्क, आणि तोसुद्धा करारात लिहिला असेल तर. तुमच्या फ्लॅटच्या नोंदणीकृत करारात पार्किंगचा नंबर आहे का? तो असेल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते.

लातूरची_लेक:
करारात ‘एक स्टिल्ट पार्किंग’ एवढंच आहे, नंबर नाही. घोषणापत्र कधी बघितलंच नाही कुणी. सोमवारी काढते.

कंधार_ते_लेस्टर:
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा कंधारचा, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला. इथं तर हा रोजचा विषय आहे, मीच भोगलाय. फ्लॅटच्या मॅनेजमेंटनं खासगी पार्किंग कंपनी आणली, परमिट डॅशबोर्डवरून सरकून खाली पडलं आणि माझ्याच जागेत शंभर पौंडाचं तिकीट. १४ दिवसांत भरलं तर ६०. इथं सुद्धा तो दंड नसतो, करारभंगाची मागणी असते, पण कागद असा छापतात की पोलिसांचंच वाटावं.

इथला एक फरक सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जागेत गाडीला क्लॅम्प, म्हणजे तुमचा जॅमर, लावायला बंदी आहे. त्याच कायद्यानं कंपनीला एक मार्गही दिला, ड्रायव्हर कोण होता ते कळालं नाही तरी नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागता येतात, पण त्यासाठी नोटीस ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या मजकुरात पाठवावी लागते. काचेवर तिकीट लावलं असेल तर मालकाला नोटीस २८ दिवसांनंतर आणि ५६ दिवसांच्या आत, कॅमेऱ्यानं पकडलं असेल तर १४ दिवसांत पोचायला हवी. चुकली की फक्त ड्रायव्हर जबाबदार, म्हणून इथले जाणते लोक सांगतात की पत्र लिहिताना गाडी कोण चालवत होतं ते लिहू नका, ‘गाडीचा मालक’ म्हणून लिहा.

पण खरा मुद्दा तुमच्यासारखाच. इथं फ्लॅटचा लीज (फ्लॅट ज्या दीर्घ मुदतीच्या करारानं घेतलेला असतो तो) सगळ्यांत वरचा. लीजमध्ये पार्किंगचा हक्क विनाअट दिलेला असेल तर मॅनेजमेंटनं नंतर कंपनी आणून परमिटची अट वर लादता येत नाही, निदान लीज रीतसर बदलल्याशिवाय. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात अपिलात एका रहिवाशी बाईंच्या बाजूनं निकाल लागला, फर्निचर उतरवायला दाराशी थोडा वेळ गाडी थांबवली म्हणून तिकीट होतं, न्यायाधीश म्हणाले सामान उतरवणं म्हणजे पार्किंग नाही. मी माझ्या लीजची प्रत आणि जागेचा नकाशा जोडून कंपनीला अपील केलं, तिनं फेटाळलं, मग वरच्या स्वतंत्र अपील संस्थेकडं गेलो तेव्हा त्यांनी रद्द केलं.

इथंही कुणी कुणी सांगतात की कचऱ्यात टाका, काही होत नाही. असं करू नका. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका दुकानांच्या पार्किंगमधला ८५ पौंडाचा चार्ज योग्य ठरवला, तेव्हापासून कंपन्या कोर्टात जायला कचरत नाहीत. कोर्टाचा कागद आला आणि उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो, तो महिन्याभरात भरला नाही तर सहा वर्षं नोंदीवर राहतो आणि घराचं कर्ज मिळताना अडतं. माझा एक ओळखीचा परभणीकडचा मुलगा याच कारणानं अडकला. तेव्हा बायपासवाले भाऊ, कागद आला की उत्तर द्या, गप्प राहू नका, हे दोन्हीकडं सारखंच आहे.

आष्टीकर:
कंधारकर साहेब, भारी माहिती. पण इथं एवढं लांबण लावायची गरज काय, सरळ माहितीच्या अधिकारात सोसायटीकडून कागद मागवा की.

सहकार_निवृत्त:
आष्टीकर, सोसायटीवर माहितीचा अधिकार थेट चालत नाही, २०१३ मध्ये थलप्पलम बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण नाहीत असं सांगितलंय. सदस्य म्हणून उपविधी, इतिवृत्त, स्वतःच्या खात्याचे कागद मागायचा हक्क मात्र सहकार कायद्यातच आहे, तो वापरायचा. आणि जी माहिती उपनिबंधक कार्यालयाकडे आहे, म्हणजे नोंदणीकृत उपविधी, लेखापरीक्षण अहवाल, ती त्यांच्याकडून माहिती अधिकारात मिळते.

बायपासवाला:
मंडळी, अपडेट देतो. वकील साहेबांच्या मसुद्याप्रमाणं पत्र दिलं. सचिव आधी पोच द्यायला तयार नव्हते, म्हणाले तोंडी बोलू की, एकाच जिन्यात राहतो आपण. मी म्हटलं बोलूच, पण ह्याच्यावर शिक्का मारा. मारला.

मग कमिटीनं बोलावलं. ठराव दाखवला तो कमिटीच्या बैठकीचा, सर्वसाधारण सभेचा नव्हे. नोटीस, सुनावणी काहीच नाही. माझा स्टिकरचा अर्ज फाइलमध्ये होता, त्यावर त्यांचाच शिक्का, पावतीच्या आधीच्या तारखेचा. एजन्सीचा करार द्यायला का-कू करत होते, शेवटी तिथंच बसून वाचू दिला, आन् काका तुम्ही म्हणाला होता तेच निघालं, दर महिन्याला ठरलेली रक्कम कमी, आन् दंडाच्या वसुलीत अर्ध्याहून जास्त वाटा एजन्सीचा. खजिनदार काकांना स्वतःला ते माहीत नव्हतं, ते मोठ्यानं म्हणाले की हे मला कुणी दाखवलंच नाही. क्यूआर कोड पण एजन्सीच्याच खात्याचा, सोसायटीच्या वहीत त्यातला एक रुपया नाही.

माझे हजार रुपये पुढच्या बिलात वजा करायचं लिहून दिलंय. पण मी तिथं थांबलो नाही. ज्या भाडेकरूंनी आन् म्हाताऱ्या माणसांनी घाबरून स्कॅन करून भरले त्यांचं काय? आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी नातवाची गाडी आली होती म्हणून दोनदा भरलेत, पेन्शनमधून. त्यांना तर वाटत होतं पोलिस केस होईल. मी आता सगळ्यांचे स्क्रीनशॉट गोळा करायलोय.

सचिवताई_गारखेडा:
दादा, हे फार चांगलं केलंत. स्क्रीनशॉटबरोबर पावतीचा फोटो आणि गाडी कुठं उभी होती तेही लिहून घ्या, कारण त्यातले काही खरंच टँकरच्या वाटेवर लावणारे असतील. पण रीतसर ठराव नसताना घेतलेले पैसे त्यांचेही परत द्यावे लागतील, आणि मग सभेत नीट नियम करून पुढं त्यांना दंड लावा, ते योग्य होईल. नियम करताना पाहुण्यांसाठी एक-दोन जागा रंगवून ठेवा, अर्ध्या तक्रारी तिथंच संपतात. आणि स्टिकर मिळेपर्यंत अर्जाची पोच काचेत ठेवली की चालेल, हे ठरावात लिहा.

उल्कानगरीकर:
परत देणार कोण पण? पैसे तर एजन्सीनं घेऊन टाकले.

वकील_परभणी:
सदस्यांच्या दृष्टीनं एजन्सी म्हणजे सोसायटीनं नेमलेला माणूस. त्यानं सोसायटीच्या नावावर घेतलं ते सोसायटीनं द्यायचं, मग सोसायटीनं एजन्सीच्या महिन्याच्या बिलातून कापून घ्यायचं. त्यासाठी करार संपायच्या आत हालचाल करा, एकदा ते गाशा गुंडाळून गेले की हातात काही नाही. कमिटी दाद देत नसेल तर सगळ्यांच्या सह्यांचं एकत्र निवेदन उपनिबंधकांना, सोबत तुमच्या पत्राची पोच आणि कराराबद्दल कमिटीनं जे दाखवलं त्याची तुम्ही केलेली नोंद.

बायपासवाला:
वार्षिक सभा सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्याच्या विषयपत्रिकेत दोन विषय घ्या म्हणून मी आन् आणखी बऱ्याच सदस्यांनी सह्या करून पत्र दिलंय, एक म्हणजे एजन्सीच्या करारातलं दंडाच्या वाट्याचं कलम काढणं, दुसरं घेतलेले दंड परत करणं. ताईंच्या सोसायटीचा ठराव मिळाला तर त्याच्यावरून आमचा मसुदा करतो. ताई, नावं झाकून पाठवाल का?

सचिवताई_गारखेडा:
पाठवते. टँकरच्या वाटेचा नकाशा पण जोडते, ठरावात नकाशा असला की कुठली जागा यावरून पुढं कुणी वाद घालत नाही.

लातूरची_लेक:
आमचं घोषणापत्र मिळालं बरं का. स्टिल्ट ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ (म्हणजे ठरावीक फ्लॅटसाठीच राखीव) लिहिलंय आन् मागं एक नकाशा आहे, त्यात फ्लॅटनिहाय नंबर टाकलेत! आमचा नंबर तोच आहे जिथं आम्ही आधीपासून लावतो. असोसिएशनच्या अध्यक्षांनाच हा नकाशा माहीत नव्हता. वकील दादा, आता दंडाच्या हरकतीच्या पत्राला घोषणापत्राची प्रत पुरते का, की साक्षांकित काढू?

वकील_परभणी:
ताई, पत्राला साधी प्रत चालेल, साक्षांकित प्रत मात्र काढून घरी ठेवा. आणि जागांचं नव्यानं वाटप करणारी सभा होणार असेल तर तिच्या आधीच पत्र द्या, पोच घेऊन.